रेकॉर्डिंगपुढचे काका

आमच्या काळाचौकीच्या चाळीत गिरणगावावर प्रोजेक्ट करणारी कॉलेजची पोरं आली, की शेजारचे काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर! एरवी दिवसभर खोकणारा हा माणूस, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालं की एकदाही खोकत नाही. "नीट ऐक हां बाळा," म्हणतात, आणि दर वर्षी वेगळंच गाव आपलं म्हणून सांगतात.

परवा दादरच्या एका कॉलेजात पोरांनी आपलं संशोधन लोकांसमोर मांडलं. एका मुलीनं काकांचा आवाज ऐकवला. "माझी आई खानावळ चालवायची. जेवायला येणाऱ्याला आधी गाव विचारायची. कोकणातल्याला खोबऱ्याची आमटी, घाटावरच्याला काळ्या मसाल्याची." सगळा हॉल गहिवरला. पहिल्या रांगेत काका डोळे पुसत होते.

बाहेर मी त्यांना गाठलं. "काका, ती माझी आई!"

"तुझीच रे. पण मीही तिच्या हातचं जेवलोय. पहिल्या दिवशी गाव खोटं सांगितलं, तरी माऊलीनं बरोबर आमटी वाढली. एवढं मला माझ्या आईनंही ओळखलं नाही."

मला भरून आलं. त्यांचा हात धरायला पुढे झालो आणि थबकलो. एवढं सगळं बोलताना ते एकदाही खोकले नव्हते.