इसहाक म्हणजे काय

आमच्या नागावात यहुद्यांचं एकच घर उरलं आहे. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली केलं. घाणा गेला, नाव राहिलं. त्या घरात एकटे राहणारे म्हातारे माझे शेजारी.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा इस्रायलहून फोन आला. वय चव्वेचाळीस, लग्नाला अठरा वर्षं, आणि आता तिला दिवस गेले होते. बातमी ऐकून म्हातारे हसले. मी ओट्यावरच होतो, चांगले मोठ्याने हसले. तिने फोन ठेवला आणि पुढे त्यांचा एकही उचलला नाही.

हसलो नाही, ठसका लागला, असं ते मला सांगत. मला सांगून उपयोग नव्हता. शेवटी त्यांनी एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलला. मुलगी पुन्हा आपल्याशी बोलू लागली की गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि पाच फळं नबीच्या नावाने ठेवायची. नबीला पोहे आवडतात, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

मग जावयाचा निरोप आला. मुलगा झाला, आठव्या दिवशी सुंता, नाव इसहाक.

त्या दिवशी मुंबईचे एक विद्वान नातेवाईक हजर झाले. मोबाइल तांब्याला टेकवून आम्ही बसलो, तोवर ते या नावातल्या त्यागावर आणि तेजावर अर्धा तास बोलले. अर्थ तेवढा राहिला. तो म्हाताऱ्यांनी मला हळूच सांगितला: हिब्रूत ‘तो हसतो’, एवढाच. नव्वदीच्या बाईला मूल होणार असं देवाने सांगितलं. ती हसली, मग घाबरून म्हणाली, हसले नाही. देव म्हणाला, हसलीस. मूल झालं, त्याचं नाव हेच ठेवलं.

“नाव पोरीनंच निवडलंय,” ते म्हणाले. “माफी हाय का टोमणा, कळत न्हाय.”

सुंता आटोपली. मांडीवर बाळ घेऊन मुलगी पडद्यावर आली.

“बाबा, तेव्हा तुम्ही हसला होतात.”

नातेवाईकांनी घसा खाकरला.

“हसलो होतो,” म्हातारे म्हणाले.

“मग आता याच्याकडे बघून हसा.”

ते त्यांना जमलं नाही. डोळे पुसत आत गेले आणि पोह्यांची पिशवी घेऊन आले. आठवड्यापूर्वीच आणून ठेवली होती. मला नारळ खवायला बसवलं, विद्वानांना फळं धुवायला.