द्रीकाचा फेखीचा वाफा

इझाकची मासेमारीची बोट पोर्ट नोलोथहून गेली, ती परतलीच नाही. फळ्या किनाऱ्याला लागल्या, पोरगा नाही. त्याच हिवाळ्यात त्याच्या आईने, म्हणजे माझ्या शेजारच्या तान्नी द्रीकाने (थोरल्या बाईला आम्ही तान्नी, मावशी म्हणतो, पुरुषाला ऊम, काका), दारासमोर माणूसभर लांबीचा वाफा खणला आणि त्यात फेखीचे, त्या जाड रसाळ पानांच्या फुलझाडाचे, तुकडे खोचले.

दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडच्या आमच्या खडकाळ गावात थडग्यावर तोडलेली फुलं ठेवत नाहीत, उन्हात ती तासभरही टिकत नाहीत. मेलेल्याच्या आईच्या अंगणातली फेखी नेऊन लावतात. ती जमिनीला बिलगून पसरते, फारसं पाणीही मागत नाही. एकदा लावली की त्या मातीवर पाय मात्र द्यायचा नाही. द्रीकाच्या नशिबी थडगंच नव्हतं, म्हणून तिने ते अंगणातच केलं.

तिचा नवरा ऊम फ्लिप भडकलाच. “जित्या पोराचं थडगं करतेस? लाज नाही वाटत?”

“मग आण ना त्याला घरी! आण!”

“येईल तो. पडला असेल कुठल्या तरी बंदरात पिऊन. माझंच पोर आहे ते.”

तेव्हापासून शेळ्यांकडे जाताना तो मुद्दाम वाफा तुडवत जायचा. वाट पलीकडून होती, तरीही.

“ऊम, असं करू नका हो,” मी एकदा म्हणाले.

“का? खाली कुणी आहे का?”

या हट्टी म्हाताऱ्याचा मला भारी संताप यायचा. तो गेला की द्रीका मुकाट्याने वाकून मोडलेले तुकडे मातीत दाबायची. फेखी मोठी चिवट. दाबलेला तुकडा तिथेच मूळ धरतो. दरवर्षी वाफा दाट होत गेला. “फ्लिपसारखा माळी गावात नाही बघ,” मी तिला चिडवायचे. तीही हसायची, थोडंसं.

या सप्टेंबरात, आमच्याकडच्या वसंतात, ऊन चढलं आणि सगळा वाफा फुलांनी गुलाबी झाला. मी द्रीकाच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होते. खिडकीतून फ्लिप दिसला. वाफ्यापाशी येऊन तो थांबला. बराच वेळ उभा राहिला. मग टोपी काढून, कडेकडेने, जपून, वळसा घालून गेला.

“सुचलं बाई एकदाचं शहाणपण,” मी म्हणाले.

द्रीकानेही खिडकीतून ते पाहिलं होतं. बोट बुडाली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई हंबरडा फोडून रडू लागली.

“आता इझाकची वाट बघणारं कुणीच उरलं नाही गं,” ती म्हणाली.