खंडेनवमीला दोन कॉलेजं पाहिली

विनूला मुंबईला शिकायला पाठवायचं ठरलं, तेव्हा कोणत्या कॉलेजात हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. विनूचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू नाना, यांनी उत्तर आधीच गावभर सांगून टाकलं होतं. आमच्या खोतांचा मुलगा पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात आहे आणि खोत उठताबसता त्या कॉलेजचं नाव घेतात. त्यावर नानांकडे एकच उतारा होता, मुंबईचं मोठं कॉलेज. मोठं म्हणजे दापोलीच्या मामलेदारालाही ठाऊक असलेलं. नाव मी इथे मुद्दाम देत नाही. विनूला पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. व्हायचं होतं. मला विचाराल तर वकिली बरी, पण मला कोणी विचारलं नाही. मी शाळामास्तर, दसऱ्याची सुट्टी होती आणि थोरली बहीण आक्का गिरगावात राहते, एवढ्या भांडवलावर माझी सोबतीला नेमणूक झाली. टर्म जानेवारीत सुरू व्हायची, पण नाव आत्ताच घालून यायचं होतं.

हर्णैहून आगबोट धरणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. बोटीकडे नेणाऱ्या पडावात, म्हणजे होडीत, चढताना धोतर गुडघ्याच्या वर खोचा. चारचौघांत लाज धरलीत तर कमरेपर्यंत भिजाल, मी भिजलो. दशम्या आणि लसणीची चटणी जवळ असावी, आणि धुराड्याजवळ बसू नये. आम्हाला मात्र धुराड्याजवळच जागा मिळाली होती. शेजारी माझगावच्या गोदीतले एक कारकून पथारी पसरून ऐसपैस बसले होते. त्यांनी विनूला विचारलं, "शिकायला का? कुठल्या कॉलेजात?" विनूच्या आधी मीच नाव सांगितलं. गृहस्थांनी पाय आखडले, ट्रंक सरकवली आणि आम्हाला वाऱ्याच्या बाजूला बसवून घेतलं. विषय कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. नुसत्या नावाला एवढा मान, तर पदवीला केवढा असेल, या विचाराने मी दोन दशम्या जास्त खाल्ल्या.

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर हमाल चहूकडून सामान ओढतात. घाबरू नका, भाव आधी ठरवा आणि वळकटी स्वतः धरा. आक्काच्या चाळीत पोचलो तेव्हा तिने वालाची उसळ केली होती. खोली लहान, माणसं पुष्कळ, पण गिरगावात पाहुण्याला जागा होतेच. शेजारच्या खोलीतला केशव मोठ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञानच शिकत होता. आक्काने त्याला लगेच हाक मारली.

"उद्याच चला काका," तो म्हणाला. "उद्या खंडेनवमी. उद्या कपाटं उघडतात."

त्या बोलण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. इमारत पाहून मी पायताण बाहेर काढून ठेवणार होतो, केशवने थांबवलं. यंत्रांच्या दालनात सागवानी कपाटं भिंतभर उभी, आत विलायतेहून आलेली पितळेची यंत्रं. पट्टेवाला एकेक यंत्र मऊ फडक्याने पुसून, गंध लावून, झेंडूचं फूल वाहून परत आत ठेवत होता. विनूने ही यंत्रं पुस्तकातल्या चित्रांतच पाहिली होती. तो काचेला नाक लावून नावं घेऊ लागला. हा हवा काढायचा पंप, ही विजेची चकती, हा गॅल्व्हानोमीटर. देवळात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"आज हत्यारांना विश्रांती," तो केशवला म्हणाला. "एरवी तुम्ही कुठलं वापरता?"

केशव हसला. "एरवीही विश्रांतीच. प्रोफेसर लेक्चरात दोन-चार दाखवतात, आम्ही बाकावरून बघतो. किल्ली त्यांच्या खिशात. अरे, पेपरात आकृती नीट काढता आली म्हणजे झालं."

"पण मग खरं आहे की नाही, हे कळतं कसं?"

"पुस्तकात आहे म्हणजे खरंच असणार."

केशव मुलगा प्रामाणिक. ट्रामकडे येताना त्याने मला समजावून सांगितलं, "पदवी युनिव्हर्सिटीची, काका. सगळ्या कॉलेजांना परीक्षा एक, कागद एक, शिक्का एक. पण लोक पदवी विचारत नाहीत, कॉलेज विचारतात. आमच्या कॉलेजचा म्हटला की कचेरीतला साहेब मान वर करून बघतो. मला तर परीक्षेआधीच दोन स्थळं सांगून आली." हे मला पुरेपूर पटलं. दुसऱ्याच दिवशी दसरा, म्हणजे कचेरी बंद, म्हणून एकादशीला येऊन नाव घालायचं असं मी मनाशी पक्कं केलं.

पण केशवच्या तोंडून एक गोष्ट निसटली. त्याचा मावसभाऊ सदू परळला नव्याने निघालेल्या एका कॉलेजात तोच विषय शिकत होता. "कॉलेज कसलं, बंगलाच आहे जुना. ते लोक दिवसभर काहीतरी मोजत बसतात," असं केशव म्हणाला. झालं, विनूने माझ्या उपरण्याचं टोक धरलं आणि सोडेना.

भायखळ्यापर्यंत ट्राम आहे, आण्यात काम होतं. पुढे आम्ही चालत गेलो आणि तुम्हीही खंडेनवमीला गेलात तर चालतच जा. लालबागेत गिरण्यांच्या दरवाजांवर आंब्याची तोरणं आणि झेंडूच्या माळा लागल्या होत्या. आत साचे, म्हणजे कापडाचे माग, धुऊनपुसून पूजेला ठेवलेले. एका दुकानात मिरची कुटत होते, तिथून पुढे परळपर्यंत मी शिंकत गेलो. वाटेत दोघांना कॉलेज विचारलं. एकाने इस्पितळ दाखवलं, दुसरा म्हणाला, "परळला कॉलेज हाय? कदी झालं?"

बंगला सापडला. ओसरीवर तीन-चार मुलं फळ्याभोवती वाद घालत होती. त्यांतला कुरळ्या केसांचा सदू. केशवचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "या काका, बसा. खुर्ची एकच आहे, ती तुमची." भिंतीवर एक उंच बॅरोमीटर टांगला होता, हवेचा भार मोजायचा. त्याच्या लाकडाला हळदकुंकू, माथ्यावर झेंडू. पण खाली एक मुलगा पाऱ्याकडे टक लावून उभा होता.

मी मास्तरी आवाजात म्हटलं, "अरे, आज खंडेनवमी. आज हत्यार वापरायचं नसतं."

"वापरत कुठे आहोत काका?" सदू म्हणाला. "नुसतं बघतोय. पारा आपला आपण हलतो. पूजा करताना त्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही."

ती मुलं दर तासाला पारा पाहून फळ्यावर टिंब देत होती. टिंबं जोडली की रेघ दोनदा वर जाई, दोनदा खाली. हवेलाही समुद्रासारखी भरती-ओहोटी असते आणि ती रोज येते, हे मला त्या ओसरीवर कळलं. इतकी वर्षं समुद्राकाठी काढून मला त्याचा पत्ता नव्हता.

"तू बघतोस?" सदूने विनूला विचारलं. विनूने आकडा वाचला. सदूने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जरासं वाकवलं. "वरून नको बघू. डोळा पाऱ्याच्या समोर आण. आता सांग." आकडा बदलला. विनूने सदूकडे पाहिलं, पुन्हा पाऱ्याकडे पाहिलं, डोळा वर नेला, खाली आणला, आणि मोठ्याने हसला. त्या वाचनाचं टिंब त्याने स्वतः खडूने दिलं. इतका आनंदी मी त्याला मुंजीतल्या लाडवांनंतर पाहिला नव्हता.

सदूनेही काही लपवलं नाही. "नोकरीला वेळ लागतो आमच्या मुलांना. नाव सांगितलं की लोक म्हणतात, ते कुठे आलं?"

परतायच्या ऐवजी आम्ही तसेच पुढे दादरला गेलो, कारण मला शहाळं हवं होतं आणि विनूला बोलायचं होतं. दादरला माडांच्या वाड्याच वाड्या आहेत, क्षणभर आपण हर्णैलाच आहोत असं वाटतं. शहाळं स्वस्त आणि गोड. विनूने त्याचं फोडलंही नाही.

"काका, मला परळला घाला."

"वेडा आहेस. उद्या कोणी कॉलेज विचारलं तर?"

"सांगेन परळचं."

"आणि मी खोतांना काय सांगू?"

"खोत तुम्हाला विचारतील. त्या मोठ्या कॉलेजात मला चार वर्षं काचेबाहेरच उभं राहावं लागेल, काका. तुम्ही पाहिलंत ना?"

मी पाहिलं होतं, हीच अडचण होती. दसऱ्याला आक्काने श्रीखंड केलं आणि मला ते पहिल्यांदाच गोड लागलं नाही. नाना घरातले कर्ते, त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. पण ते काचेला लागलेलं नाक आणि तो खडू हातात घेतलेला विनू, ही दोन्ही चित्रं एकदम डोळ्यांपुढे यायची. एकादशीला आम्ही ट्रामने भायखळ्याला उतरलो आणि परळची वाट धरली. पालक म्हणून सही मी केली.

घरी आल्यावर नानांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "परळ," आणि आत गेले. त्यानंतर देवळाकडे जायचं त्यांनी बंद केलं, कारण वाटेत खोतांचं घर लागतं. माझ्याशी बोलणं मीठ वाढण्यापुरतं. मी रोज स्वतःला विचारत होतो, पोराचं नुकसान तर नाही ना केलं? मुंबईहून काय आणलं म्हणाल तर आक्काने दिलेले हलव्याचे दोन डबे आणि ही रुखरुख.

मग एका दुपारी विनूने ओसरीच्या आढ्याला सुतळी बांधली, टोकाला दगड बांधला आणि नानांपुढे जाऊन उभा राहिला. "मी घड्याळ बघतो. झोके कोणीतरी मोजायला हवेत. काकांचं मन उडतं." नानांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं, हे त्यांना पटलं असावं. ते पुढे येऊन बसले. विनूने दगड हलकेच सोडला. नाना ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एकदा चुकले, स्वतःहून म्हणाले, पुन्हा सोड. विनू दोरी आखूड करी, लांब करी. दगड बदलला तरी झोक्याला वेळ तेवढाच लागतो हे पाहून नानांनी तो दगड हातात घेऊन वजन करून पाहिला, विनूकडे संशयाने पाहिलं आणि पुन्हा मोजायला बसले.

तेवढ्यात खोत अंगणात आले. मोठ्याने विचारू लागले, "काय नाना, देवळात दिसत नाही? आणि मुंबईच्या त्या कॉलेजचं नाव काय म्हणालात?"

नानांनी वळूनही पाहिलं नाही. हात वर करून त्यांना पायरीवरच थांबवलं.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "मोज चुकेल."