पेन्सिलीवरची टेप

वॉल्टर हेलिवेल गिटार वाजवायचा तेव्हा त्याची बायको डोरीन दोन टेपरेकॉर्डरांच्या मधोमध पेन्सिल आडवी धरून उभी असायची. चौतीस वर्षं तिने हे केलं. एवढ्या काळात तिला कुणी कलावंत म्हटलं नाही, आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नाही.

काम सोपं दिसायचं. वॉल्टरने छेडलेला सूर डावीकडच्या यंत्रात टेपवर उतरायचा. टेप तिथून निघून सहा फूट अधांतरी चालत उजवीकडच्या यंत्रात शिरायची, आणि तिथे तोच सूर नऊ सेकंदांनी पुन्हा वाजायचा. वाजला की तो परत डावीकडे नोंदला जायचा, जरा मंद होऊन. असा एकेक सूर पाच-सहा फेऱ्या मारायचा आणि विरून जायचा. तोवर वॉल्टरने वर दुसरे दहा चढवलेले असायचे. अधांतरी टेप मध्ये सैल पडली तर सगळं संगीत गटांगळ्या खायचं. म्हणून ती पेन्सिल. डोरीन सोळाव्या वर्षापासून सूतगिरणीत तुटलेले धागे जोडायच्या कामावर होती. धावता धागा ताणतोय की ढिलावतोय हे तिच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून. पुढे त्यांच्या टॉडमॉर्डन गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण बोटं कुठे जाणार?

वॉल्टर पोस्टमन होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता चॅपलमागच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम असायचा. श्रोते तीस, फार तर पस्तीस. पाऊस असो, बर्फ असो, तेच ते. टेप मात्र एकच. गेल्या महिन्याच्या वादनावरच तो या महिन्याचं नोंदवायचा. "शिळं कोण खाणार?" म्हणायचा. त्यामुळे चौतीस वर्षांतलं काहीही उरलं नाही. उरलं ते एका ऑक्टोबरातलं, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वॉल्टर दफनभूमीत होता.

ते रीळ बिस्किटांच्या डब्यात पाच वर्षं पडून होतं. मग क्लिफर्ड उटलीने ते मागून नेलं. क्लिफर्ड म्हणजे श्रोत्यांच्या मंडळाचा चिटणीस, निवृत्त ग्रंथपाल, मोठा काटेकोर माणूस. टेप ओलसर होऊन चिकट झाली होती. त्याने फळं सुकवायच्या पेटीत ती आठ तास मंद आचेवर ठेवली, जीव मुठीत धरून एकदाच वाजवली, उतरवून घेतली आणि होती तशीच परत गुंडाळली. मग दीड वर्ष खपून ग्रामोफोनच्या तीनशे तबकड्या काढल्या.

त्या तबकडीच्या प्रकाशनाला मंडळ त्याच हॉलमध्ये जमलं होतं. मंचावर वॉल्टरचं एक यंत्र, त्यावर ते मूळ रीळ, नुसतं बघायला. सोमवारी सकाळी रीळ आणि तबकडी दोन्ही मोठ्या ध्वनिसंग्रहालयात जायची होती, कायमची.

"आता सुरुवातीला नीट कान द्या," क्लिफर्ड म्हणाला. "शब्द कळत नाहीत. आधी अगदी लांबून, मग जवळ, मग आणखी जवळ. एखाद्या मठातला मंत्र म्हणा ना! वेष्टनावर मी सविस्तर लिहिलंय."

"तीन परिच्छेद," बेरिल डोरीनच्या कानाशी पुटपुटली. बेरिल गिरणीपासूनची मैत्रीण. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "तुझ्या वॉल्टरने आयुष्यात कधी मंत्र म्हटला होता का गं?"

तबकडी लागली. मंत्र झाला. मग सूर यायला लागले. शून्यातून एक बारीक सूर, नऊ सेकंदांनी तोच थोडा मोठा, मग आणखी मोठा, आणि पुरता भरून आला की गप्प. बेरिलने रुमाल काढला. "जवळ येतोय असं वाटतं गं," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

डोरीनची बोटं मांडीवर आपोआप पेन्सिल धरल्यासारखी झाली होती. तिसऱ्या सुराला ती सैल पडली. टेप उलटी होती.

कसं झालं तेही तिला तिथल्या तिथे कळलं. वाजून संपलेली टेप वॉल्टर मागे गुंडाळत नसे. भरभर गुंडाळली की कुठे घट्ट बसते, कुठे सैल. म्हणून जशी संपली तशीच, शेवट बाहेर ठेवून, डब्यात. टेप जपणारे जाणते सगळे असंच ठेवतात. क्लिफर्डलाही हा रिवाज ठाऊक होता, पण वॉल्टरसारखा गबाळा माणूस तो पाळत असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. आणि डब्यावर दोन शब्द लिहावेत हे डोरीनच्या मनात आलं नाही. वॉल्टर आवाज कमी-जास्त करायच्या पायाखालच्या पट्टीने सूर हळूच उघडायचा आणि हळूच मिटायचा, त्यामुळे उलट-सुलट दोन्हीकडून तो सारखाच गोड लागे. पण सुलट वाजला की प्रत्येक सूर येऊन निघून जायचा. इथे तो येतच होता.

आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडलं. साडेसहा वर्षं घरातली प्रत्येक गोष्ट मंद होत गेली होती. इथे एक तरी वाढत होती. गप्प बसलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? क्लिफर्डचं दीड वर्ष वाया गेलं नसतं, बेरिलचे अश्रूही वाया गेले नसते. वॉल्टरचं वादन तेवढं उलटं राहिलं असतं, जगासाठी, कायमचं. चाकावर सूत चुकीचं चढलेलं पाहून गप्प बसणं डोरीनला गिरणीतही कधी जमलं नव्हतं. मुकादमाशी दोनदा भांडली होती.

"क्लिफर्ड," ती उभी राहून म्हणाली, "सुई उचल. हे उलटं आहे."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या.

"काय उलटं?"

"सगळंच. तू शेवटाकडून वाजवलंस. चूक माझी, मी सांगायला हवं होतं."

"अगं, दीड वर्ष मी रोज ऐकतोय हे!" क्लिफर्डचा चेहरा पांढरा पडला होता. "रोज! मला कळलं नसतं?"

"तू खुर्चीत बसून ऐकायचास रे. मी टेप धरून उभी असायचे."

"पण परीक्षण छापून आलंय, डोरीन. चांगलं आलंय."

"येऊ दे की."

बेरिल म्हणाली, "आता वाद कशाला? यंत्र आहे, रीळ आहे. लावून बघा."

"ती टेप फार वेळा चालवायची नाही!" क्लिफर्ड म्हणाला. पण त्याने डोरीनला अडवलं नाही.

डोरीन मंचावर गेली. डावीकडचं रीळ तिने उजवीकडे बसवलं, मोकळं डावीकडे. टेप ओवली आणि हाताने, अगदी सावकाश, शेवटची पाच-सहा मिनिटं मागे घेतली. क्लिफर्ड बाजूला उभा राहून तिच्या बोटांकडे बघत होता. तिने कळ दाबली आणि खाली आपल्या जागी येऊन बसली.

सूर आला आणि गेला. पुन्हा आला, जरा मंद, आणि गेला. हॉलमधल्या जुन्या लोकांच्या माना हलू लागल्या. आठवत होतं त्यांना. क्लिफर्ड मंचाच्या पायरीवर बसला. एकेक सूर सरत गेला, शेवटी एकच उरला, तोही विरला. मग गिटार खुर्चीला टेकवल्याचा ठक्क आवाज, आणि वॉल्टर आपल्या नेहमीच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात म्हणाला, "डोरीन, चहा टाक गं."

"मंत्र!" म्हणत कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुधा बेरिल. क्लिफर्डने तोंडावर हात ठेवला. डोरीन उठून कधी चालायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. चौतीस वर्षं या वाक्याला ती उठत आली होती.

नऊ सेकंदांनी तो पुन्हा म्हणाला, जरा मंद. तोवर ती मागच्या दारापाशी पोचली होती. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा स्वयंपाकघरात किटली तिच्या हातात होती. चौथ्यांदा शब्द कळले नाहीत, नुसता आवाज कळला. नळ सोडला तर पुढचं ऐकू येणार नाही, म्हणून ती रिकामी किटली धरून तशीच उभी राहिली.

पाचव्यांदा तो म्हणाला की नाही, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. आणखी नऊ सेकंद तिने वाट पाहिली आणि मग नळ सोडला.