कर्दळीमागची टाकी

पुण्यात कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्यावर दिवाणखान्याआधी मोरी बघणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. साडू हे नातंच असं आहे की ते आपल्याला निवडता येत नाही आणि मोडताही येत नाही. आमचे साडू पहिल्यांदा कर्वेनगरला आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना मोठ्या हौसेने नव्या सोफ्यावर बसवायला गेलो. ते म्हणाले, "बसतो हो. आधी पाणी कुठे जातं ते दाखवा." मला वाटलं, हात धुवायचे असतील. मी न्हाणीघर दाखवलं. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं, पँट किंचित वर ओढून उकिडवे बसले आणि जाळीशी कान नेऊन डोळे मिटून ऐकत राहिले. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आणि मेहुणी तिला शांतपणे सांगतेय, "ठेव तो खाली. अजून गच्चीवरची टाकी राहिलीय." शेवटी साडू उठले आणि म्हणाले, "उतार बरा आहे. पण पुढे कुठेतरी पाइप काटकोनात वळवलाय. तुंबेल." काही महिन्यांनी पाइप तिथेच तुंबला. प्लंबर फरशी फोडत असताना मला साडूंबद्दल आदर वाटत होता की राग येत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साडू एका इंजिनिअरिंग कॉलेजात सांडपाण्याचं शुद्धीकरण शिकवायचे. हा विषय मुलं हौसेने घेत नाहीत, दुसरा मिळाला नाही की घेतात. पण साडूंनी हा विषय असा धरला होता जसा एखादा माणूस घराण्याचं गाणं धरतो. त्यांच्या मते माणसाच्या संस्कृतीची परीक्षा त्याच्या घरात येणाऱ्या पाण्यावरून होत नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यावरून होते. हे वाक्य ते पहिला घास घेताना बोलायचे. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीकडे बघत असत तेव्हा आमचे साडू मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला, जिथे भांडी घासतात तिथे, खरकट्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग किती आलाय ते वाकून बघत उभे असत. माझ्या चुलत भावाच्या लग्नात वधूपित्याला वाटलं, हे रुसून बसलेत. बिचारा पगडी सावरत मागे धावला आणि म्हणाला, "काही चुकलं का आमचं?" साडू म्हणाले, "हो. हे सगळं तूप सरळ गटारात चाललंय." तो माणूस पुढचा तासभर आचाऱ्याशी भांडत होता.

त्यांचं खरं प्रेम मात्र त्यांच्या मॉडेलवर होतं. मॉडेल म्हणजे संगणकात उभी केलेली एक वस्ती. त्या वस्तीत माणसं सकाळी आंघोळी करत, दुपारी भांडी पडत, संध्याकाळी वॉशिंग मशीन लागे, आणि ते सगळं पाणी वाहत वाहत एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाई. पहिल्या टाकीत गाळ खाली बसे, दुसरीत हवेचे बुडबुडे सोडले की जिवाणू घाण खाऊन टाकत, तिसऱ्या टप्प्यात पाणी कर्दळीच्या मुळांतून झिरपे, आणि शेवटी नितळ पाणी बाहेर येई. विजेचा खर्च जेमतेम आणि दुर्गंधी शून्य. अशी मॉडेलं त्यांनी कुठल्या कुठल्या शहरांसाठी केली होती. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या, श्रीफळ मिळालं, शाल मिळाली. टाकी एकही बांधली गेली नाही. मेहुणी म्हणायची, "आमच्या घरात शाली एवढ्या आहेत की महाबळेश्वरला दुकान टाकता येईल." साडू हसायचे. पण निवृत्तीच्या समारंभाहून परत येताना रिक्षात ते मला एकदम म्हणाले होते, "एक तरी टाकी खरी चालताना बघायची होती हो." मी काहीतरी थट्टेचं बोलणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं.

मग ते धायरीला एका मोठ्या सोसायटीत राहायला गेले आणि त्यांचं नशीब उघडलं. इतर लोक फ्लॅट घेताना बाल्कनीतून डोंगर दिसतो का बघतात. साडूंनी फ्लॅट घेतला तो तिथलं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलंय म्हणून. बिल्डरने बसवलेलं ते यंत्र कायम बंद असायचं आणि त्या कोपऱ्याला असा वास यायचा की लोक मुलांनासुद्धा तिकडे खेळायला सोडत नसत. साडूंनी सोसायटीच्या कमिटीला सांगितलं, मला फुकट चालवायला द्या. फुकट म्हटल्यावर चेअरमननी मागेपुढे पाहिलं नाही. बँकेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा, सभेत पंखासुद्धा ठरावाशिवाय न लावणारा तो माणूस, पण साडूंना म्हणाला, "आपण हवं ते करा, फक्त आम्हाला तिकडे बोलावू नका."

आता मॉडेलला खरी माहिती हवी होती. साडू दारोदार जाऊन विचारू लागले, तुम्ही आंघोळ किती वाजता करता. पुण्यात माणसाला पगार विचारलेला चालतो, हे चालत नाही. चेअरमनच्या बायकोला त्यांनी जिन्यात गाठून, "आपण केस शनिवारी धुता की रविवारी?" असं अत्यंत आदराने विचारलं, तेव्हा तर सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शेवटी मेहुणी घरोघर तिळगुळाच्या निमित्ताने गेली आणि सगळी माहिती गोड बोलून काढून आणली. परत आल्यावर म्हणाली, "माझ्या बहिणीचा नवरा निदान शेअर बाजाराचं वेड घेऊन बसलाय. माझ्या नशिबी हे लिहिलेलं होतं."

जिवाणूंना ते 'पोरं' म्हणत. दिवाळीत निम्मी सोसायटी गावी जाई, कोणी अमरावतीला, कोणी नागपूरला, आणि टाकीत येणारी घाण एकदम आटायची. मग पोरं उपाशी. या काळात साडू पुणं सोडत नसत. बादलीत गूळ कालवायचा, थोडं शेण मिसळायचं आणि टाकीत सोडायचं, हा त्यांचा दिवाळीचा फराळ. भाऊबीजेला मेहुणी एकटी आमच्याकडे यायची आणि सांगायची, "ते पोरांपाशी आहेत. स्वतःची लेक लहान होती तेव्हा तिला ताप आलेला यांना मी सांगितल्यावर कळायचा."

पण टाकी चालली! वास गेला. यंत्राच्या खोलीमागे कर्दळीचे वाफे तांबड्यापिवळ्या फुलांनी भरून गेले, आणि त्यांच्या मागची शेवटची टाकी अशी नितळ झाली की तळाचं नाणं दिसावं. साडूंनी त्यात गप्पी मासे सोडले. बाजूला पाटी लावली, पण ती इतकी लांबलचक आणि शास्त्रीय होती की पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरातसुद्धा ती शेवटपर्यंत कोणी वाचली नाही. बहुतेकांना वाटे, पावसाचं पाणी साठवलंय. एकच दुःख होतं. ते नितळ पाणी वापरायला सोसायटीची परवानगी नव्हती, त्यामुळे ते मागच्या नाल्यात सोडावं लागायचं. उन्हाळ्यात पुढच्या फाटकातून टँकर आत येत आणि मागच्या भिंतीतून साडूंचं पाणी काळ्या नाल्यात पडत असे. ते तिथे उभे राहून बघत. सगळ्या इमारतींच्या फ्लशला हे पाणी जोडायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी दिवाळीनंतरच्या वार्षिक सभेत ठराव यायचा होता.

त्याआधी अनंत चतुर्दशी आली. त्या दुपारी आम्ही जेवायला त्यांच्याकडेच होतो. सोसायटीचा गणपती न्यायला ठरवलेला टेम्पो सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत अडकला तो अडकलाच. लहान मुलं कंटाळली, ढोलवाले ताटकळले. तेवढ्यात कोणाला तरी बागेमागची टाकी आठवली. सगळे तिकडे गेले, आम्हीही गेलो. चेअरमन बऱ्याच वर्षांनी त्या कोपऱ्यात आले असावेत. ते काठाशी थांबले, वाकले, मासे बघितले आणि म्हणाले, "वा! काय नितळ पाणी आहे हो हे. मूर्ती मातीचीच आहे, इथेच करू." मेहुणीने साडूंची बाही ओढली. "अहो, सांगा ना त्यांना." साडू टाकीकडे बघत होते. "थांब जरा," एवढंच म्हणाले. तिने पुन्हा बाही ओढली. मला वाटलं, पाणी कसलं आहे हे सगळ्यांना माहीतच असणार. आरती झाली. ज्यांची ही जमीन पूर्वी होती आणि जे आता सोसायटीतच राहतात ते धायरीचे आबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उतरले आणि त्यांनी मूर्ती हळूच पाण्यात सोडली. साडूंचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, भाविक माणूस आहे.

वार्षिक सभेला प्रोजेक्टर माझ्या ऑफिसातून नेला होता, म्हणून मी तिथे हजर होतो. साडूंनी पडद्यावर मॉडेल दाखवलं. कुठल्या इमारतीतून सकाळी किती पाणी येतं, रात्री किती, सगळं निळ्या रेघांत वाहत होतं. इतकं सुरेख बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक ऐकतही होते. मग मागून एक बाई म्हणाल्या, "ते सगळं खरं हो. पण मोरीचं पाणी ते मोरीचंच. माझ्या देवघराच्या भिंतीतून ते वर चढवणार का तुम्ही?" दुसरं कोणी म्हणालं, "घाण ती घाणच शेवटी." कुजबुज वाढली. साडूंचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर एकाही सभेत आवाज न चढवलेला तो माणूस टेबलावर हात आपटून म्हणाला, "घाण? याच पाण्यात तुम्ही सगळ्यांनी हात जोडून गणपती सोडलात! तेव्हा नितळ होतं ना?"

चेअरमन सावकाश उभे राहिले. "म्हणजे तेव्हा आपल्याला माहीत होतं?"

साडूंनी पडद्यावरच्या निळ्या रेघांकडे पाहिलं.

मग आरडाओरडा झाला. कोणी रडलं, कोणी पोलिसांचं नाव घेतलं. साडू मध्येच, "नदीत काय मिसळतं ते मला विचारा," असं म्हणू बघत होते, पण त्यांचं म्हणणं आता कोणाला ऐकायचं नव्हतं. त्या सगळ्यात मला लक्षात राहिले ते आबा. ते ओरडले नाहीत. जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, पानी चांगलं हाय का वाईट हाय, ते तुमचं तुमाला ठावं. पन मी माज्या हातानं द्येव सोडला त्यात. मला सांगाया पायजे व्हतं." साडूंनी खाली मान घातली. ठराव मताला टाकला तेव्हा बाजूने एकच हात वर आला, तो मेहुणीचा. जन्मभर नवऱ्याच्या गटाराची टिंगल केलेली ती बाई रडवेल्या तोंडाने हात वर धरून बसली होती. साडूंना ते दिसलं नाही. ते टेबलाखाली वाकून वायर गुंडाळत होते.

यंत्र ठेकेदाराकडे गेलं. त्याने मासे काढले, टाकीवर स्लॅब टाकला आणि आता तिथे दुचाक्या लागतात. कर्दळीचे काही गड्डे मेहुणीने आणून बाल्कनीतल्या कुंड्यांत लावलेत. मी एकदा धीर करून साडूंना विचारलं, "त्या दिवशी टाकीपाशी बोलला का नाहीत?" ते कुंडीतली माती सारखी करू लागले. मग म्हणाले, "चेअरमन म्हणाले ना, काय नितळ पाणी आहे. मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं हो. वाटलं, जरा वेळ राहू दे." आणि थोड्या वेळाने, "मॉडेलमध्ये मी सगळं धरलं होतं. साबण धरला, तेल धरलं, दिवाळीचं उटणंसुद्धा धरलं." मग त्यांनी कुंडीला पाणी घातलं. आबांकडे ते एकदा जाऊन आले, असं मेहुणी सांगते. काय बोलणं झालं ते तिलाही माहीत नाही.

परवा दोघं आमच्याकडे आली होती. साडू सरळ येऊन सोफ्यावर बसले. चहा घेतला, पोहे छान झालेत म्हणाले, क्रिकेटबद्दल बोलले, वारज्याच्या पुलावर किती गर्दी होते त्याबद्दल बोलले. असा सरळ पाहुणा व्हावा म्हणून मी इतकी वर्षं त्यांची थट्टा केली होती, आणि आता तो समोर बसला होता तर मला तो बघवेना. बायको आत गेली आणि तिने मोरीत मुद्दाम भरली बादली ओतली. आवाज बाहेरपर्यंत आला. साडूंनी मान वळवली नाही. शेवटी मीच म्हणालो, "अहो, आमची मोरी पुन्हा तुंबायला लागलीय बहुतेक. जरा कान लावून बघता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोरी तुंबलेली नाही, हे त्यांनी नुसत्या त्या आवाजावरून ओळखलं असणार. ते हसले आणि कपबशी हळूच खाली ठेवत म्हणाले, "प्लंबरला बोलवा." मेहुणी उठली, त्यांची पिशवी तिने घेतली आणि दोघं निघाली.