घासलेली चांदी

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी: आमची नाणी माझ्या बायकोनं खराब केली नाहीत. तिनं ती टूथ पावडरनं घासली, हे खरं आहे. पण त्याच्या तीन आठवडे आधीच त्यांची किंमत गेली होती आणि ते मला माहीत होतं.

एवढं लिहून मी उठलो, चहा करून प्यायलो आणि परत बसलो. आता पुढचं सोपं जाईल.

आम्ही नेदरलँड्सला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. आइंडहोवनच्या शेजारी बेस्ट नावाचं गाव आहे, तिथं भाड्याचं घर घेतलं. मी चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा इंजिनियर. बायको दंतवैद्य. कोथरूडला तिचा स्वतःचा दवाखाना होता, एका खुर्चीचा, पण स्वतःचा. निघताना तिनं ती खुर्ची आणि हत्यारं विकली. त्याचे आलेले पैसे तिनं वेगळे ठेवले आणि आमच्या घरात त्यांना नावच पडलं, ‘खुर्चीचे पैसे’. इथं दंतवैद्य म्हणून काम करायचं तर आधी डच भाषेची वरची परीक्षा, मग विषयाची परीक्षा, आणि दोन्हींसाठी महागडे कोर्स. त्यासाठी ते पैसे होते. मुलगी चार वर्षांची झाली की इथल्या शाळेत जाणार, मग हिनं कोर्स सुरू करायचा, असं ठरलं होतं. म्हणजे मध्ये दोन वर्षं होती आणि पैसे नुसते पडून होते.

पैसे नुसते पडून असले की मला चैन पडत नाही. तेव्हा तर नाहीच पडायचं.

दोन हजार चारच्या सुरुवातीला ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्यानं मला एक नाणं दाखवलं. एक औंस चांदी, राजघराण्यातल्या कुठल्याशा आनंदाच्या प्रसंगाचं स्मारक, ठरावीक संख्येतच पाडलेलं. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी, तीत आपला चेहरा दिसावा, आणि वरचं चित्र दुधाळ, धुकं धरल्यासारखं. प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद, सोबत क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. टांकसाळीतला साठा संपला होता आणि बाहेर ते चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किमतीला जात होतं. दर महिन्याला भाव वर.

मी त्याच्यावर विचार केला, आणि मी विचार केला म्हणजे एक्सेलमध्ये केला. माझा हिशेब साधा होता. नाण्यांची संख्या वाढणार नाही, कारण साचा मोडला. घटणार मात्र नक्की, कारण दरवर्षी काही हरवतील, काहींना ओरखडे पडतील, काही पोरंबाळं खेळायला घेतील. घेणारे तेवढेच राहिले तरी भाव चढणारच. कारखान्यात आम्ही दर शंभरात किती चिप्स बिघडतात याचेच आलेख काढत असू. तोच आलेख मी नाण्यांना लावला. रेषा सुरेख आली.

“नक्की ना?” बायकोनं विचारलं.

“दोन वर्षांत खुर्चीच्या दोन खुर्च्या होतात का नाही बघ.”

“मला एकच पुरे आहे,” ती म्हणाली. “पण तू म्हणतोस तर घे.”

तिचं ते ‘तू म्हणतोस तर’ मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

मी एकवीस नाणी घेतली. एकदम नाही, सात-आठ महिन्यांत. काही युट्रेख्टच्या शनिवारच्या नाणेबाजारात, काही द हेगच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे. त्याचं दुकान ट्रामच्या थांब्यासमोर होतं, एवढं चिंचोळं की दोन गिऱ्हाईकं आली तर एकानं बाहेर उभं राहावं. ठेवायला जागा मी विचारपूर्वक निवडली. इथं प्रत्येक घरात दाराशी वीज-गॅसच्या मीटरचं कपाट असतं, मीटरकास्ट. आमच्यातलं कोरडं ठणठणीत होतं. त्यात एक लाकडी पेटी ठेवली.

रविवारी कुणी आलं की पेटी बाहेर यायची. ऑफिसातल्या क्लीनरूममधले पांढरे हातमोजे मी दोन जोड आणले होते. ते घालून नाणं डबीसकट उचलायचं, दिव्याकडे तिरकं धरायचं. कापेल नावाच्या गावी माझा कॉलेजातला मित्र राहायचा. तो एकदा हे सगळं मुकाट बघत बसला आणि मग म्हणाला, “शेठ, नाणं दाखवताय का बाळंतपण करताय?”

“हस तू. दोन वर्षांनी विचारायला येशील.”

“येईन की. हातमोजे घरून आणू का इथं मिळतील?”

बायको हसली, मीही हसलो. मला काही लागलं नाही. माझा आलेख पक्का होता.

पहिल्या दिवाळीत बायकोनं नाणी पूजेला मागितली. घरात चांदी असताना लक्ष्मीपूजनाला ती तबकात नाही, हे तिला पटणारं नव्हतं. मी दिली, पण डबीतून काढायची नाहीत अशी अट घालून.

“म्हणजे प्लॅस्टिकला हळदकुंकू लावू?”

“लाव की. लक्ष्मी आतून बघेल.”

तिनं डब्यांच्या झाकणांवर एकेक बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी मी त्या ओल्या फडक्यानं पुसून परत पेटीत ठेवल्या. नाण्याला बोट का लावायचं नाही, हे मात्र मी तिला कधी नीट सांगितलं नाही. घासलेलं नाणं संग्राहकाला नको असतं, आरशावर एक बारीकशी रेघ आली तरी ते नाणं राहत नाही, नुसती चांदी राहते, हे मला व्यापाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला मी एवढंच म्हणायचो, “हात लावू नकोस.” जे तिच्याच खुर्चीच्या पैशांनी आलं त्याला हात लावू नकोस.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून युट्रेख्टला गर्दी कमी दिसायला लागली. मी मनावर घेतलं नाही. भाव थोडा थांबतो, मग उसळतो. मुलगी शाळेत जायला लागली होती. आइंडहोवनच्या कोर्सचा फॉर्म फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता, भरलेला, फक्त पैसे भरायचे बाकी. “दिवाळीनंतर विकतो,” मी सांगितलं.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी ऑफिसच्या कामासाठी मला द हेगला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. एक नाणं मी बरोबर नेलं होतं. व्यापाऱ्यानं ते भिंगाखाली धरलं, उलटं केलं, परत डबीत ठेवलं.

“सुंदर ठेवलंय,” तो म्हणाला. “सगळ्यांनीच सुंदर ठेवलंय. हीच अडचण आहे.”

मी म्हटलं, संख्या तर मर्यादित आहे.

“मर्यादित आहे. पण तितकीच्या तितकी अजून आहेत. या देशात कोणी काही हरवत नाही हो. प्रत्येकाच्या कपाटात आहे, डबीत, कागदासकट. ज्याला हवं होतं त्याच्याकडे आहे, ज्याच्याकडे आहे त्याला विकायचंय. लोक ज्याला जपत नाहीत तेच पुढं दुर्मीळ होतं.”

“मग तुम्ही काय द्याल?”

“धातूच्या भावानं घेईन. तुम्ही आधीचे गिऱ्हाईक, म्हणून.”

त्यानं दुकानाच्या कार्डामागं तारीख घालून भाव लिहून दिला. तो त्या दिवशीचा चांदीचा भाव होता, बाकी काही नाही. मी कार्ड खिशात घातलं आणि ट्राममध्ये बसलो. माझा आलेख चुकला नव्हता, फक्त तो नाणी हरवणाऱ्या लोकांचा होता. मी कसलं गणित केलं होतं? आमच्या बेस्टच्या गल्लीत पोरांचा एक हातमोजा रस्त्यावर पडला तरी कुणीतरी उचलून कुंपणाच्या खांबावर अडकवून ठेवतं.

घरी येऊन मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असंही मनात नव्हतं. मला खरोखर वाटत होतं की भाव फिरेल, थोडं थांबलं पाहिजे, एवढंच. तिनं विचारलं, “दिवाळीनंतर नक्की ना?” मी म्हणालो, “नक्की.”

लक्ष्मीपूजन कामाच्या दिवशी आलं. इथं काही सुट्टी नसते. मी सायकल अंगणात लावून आत आलो तेव्हा सहा वाजले असतील. बैठकीत पाट, रांगोळी, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, समया. आणि मध्ये तबकात एकवीस नाणी. डब्यांतून काढलेली. दुधानं धुतलेली. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट. आणि लख्ख, आपल्याकडे पूजेची भांडी असतात तशी लख्ख. ते दुधाळ धुकं गेलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. हातावर पांढरी पावडर.

“लाकडाच्या पेटीत पिवळट पडायला लागली होती रे,” ती म्हणाली. “टूथ पावडरनं घासली. विकायला न्यायची तर चकचकीत नकोत का? एकेकाला दहा दहा मिनिटं दिलीत. दातांच्या डॉक्टरला टूथ पावडर काय शिकवायची.”

ती कौतुकाची वाट बघत होती.

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. मला राग आला नाही. धक्काही बसला नाही. मला सुटल्यासारखं झालं. अंगावरचं ओझं कुणीतरी न मागता उचलावं तसं.

मी म्हणालो, “हे काय केलंस तू?”

आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती. मग मी तिला समजावून सांगितलं, शांतपणे, दीड वर्षात पहिल्यांदाच इतकं नीट: आरसा म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, घासलेलं नाणं बाजारात का चालत नाही. ती तबकाशी बसली. एक नाणं उचललं आणि दिव्याकडे तिरकं धरलं, मी धरायचो तसं. त्यावरच्या बारीक रेघा तिला दिसल्या. तिनं ते परत ठेवलं. मुलगी आली आणि डचमध्ये विचारू लागली की आई का रडतेय. ती रडत नव्हती खरं तर. नुसती बसली होती.

पुढच्या आठवड्यात मी सांगितलं की मी हेगला जाऊन आलो, व्यापारी म्हणतो धातूच्या भावानं घेईन. वाक्य खरं होतं. शब्दन् शब्द खरा. दिवस तेवढा बदलला होता.

तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढला. “पुढच्या वर्षी बघू,” ती म्हणाली. “मीच घालवले.” मी म्हणालो, “असू दे, होतं असं,” आणि मोठ्या मनाचा नवरा झालो. पुढच्या वर्षी मुलगी आजारी, त्याच्या पुढच्या वर्षी घराचं कर्ज. मग ती एका डच दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून लागली. हत्यारं निर्जंतुक करायची, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढायची नळी धरायची. अजून तिथंच आहे. तिचा डॉक्टर वयानं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि अवघड दाढ आली की हळूच तिच्याकडे बघतो. हे मला तिनं हसत सांगितलं.

ती सगळंच हसत सांगते. मंडळाच्या गणपतीत, वाढदिवसांना, नवं कुणी आलं की हमखास: “आमची लक्ष्मी मी टूथ पावडरनं घासून घालवली.” लोक हसतात. कापेलचा मित्र प्रत्येक वेळी विचारतो, “शेठ, हातमोजे कुठायत?” आणि मी हसतो. हसण्यात मी इतका तयार झालो आहे की कुणाला शंका येऊ नये. पण त्या वर्षापासून तिनं लक्ष्मीपूजनाला तबकात नाणं ठेवलेलं नाही. बत्तासे ठेवते, धने-गूळ ठेवते, माझी पगाराची पावती ठेवते. चांदी नाही.

खुर्चीचे पैसे मी पुढं पगारातून बाजूला काढले, त्याहून जास्तच, आणि तिच्या नावावर ठेवले. ते जमलं. माझी नोकरी चांगली चालली, घर झालं, मुलगी शिकून कामाला लागली. या सगळ्यांत मी कुठं कमी पडलो असं मला वाटत नाही, आणि उगाच तसं म्हणणारही नाही. नाण्यांचा सौदा फसला याचीही आता लाज वाटत नाही. माझ्याहून शहाणे लोक त्यात फसले.

ते कार्ड माझ्याकडे आहे. मीटरकास्टमध्ये, पेटीच्या तळाला, मखमलीच्या खाली. मागच्या बाजूला व्यापाऱ्याच्या हातचा भाव आणि वर तारीख. फेकता आलं असतं, फेकलं नाही. या देशात राहून मीही काही हरवेनासा झालो आहे.

पैसे फिटले. ती तारीख मी तिला देणं लागतो. अजून दिलेली नाही.