गळ्यावरची शीर

हृदयाची झडप बदलायला मला स्ट्रेचरवरून आत नेत होते, तेव्हा नर्सने गळ्यालगतची ठुशी उतरवली. इतके महिने मी एकाही डॉक्टरला त्या ठुशीला हात लावू दिला नव्हता.

तरुण डॉक्टरीण थबकली. "आजी, श्वास घ्या. श्वास आत घेताना ही गळ्यावरची शीर फुगते कशी? खरं तर ती बसायला हवी!"

"मला काय विचारतेस? डॉक्टर तू का मी?"

ती हसली आणि तिने ऑपरेशन थांबवलं. पुन्हा तपासण्या झाल्या. झडप धडधाकट होती. हृदयाभोवतीचं आवरणच कडक होऊन त्याला आवळत होतं. मग शेंगेच्या टरफलासारखं ते सोलून काढलं.

आवरण असतं जपण्यासाठीच. माझ्या सासूबाईही सुनांना जपायच्या, श्वास घेता येऊ नये इतकं. त्यांना सोलायची सोय नव्हती.

दोन्हींतून मी वाचले.